अप्पांच्या मानेवरचा दोरा

अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या गळ्यात लिंग असायचं, चांदीच्या डबीत, दोऱ्याला ओवलेलं. अंघोळ करून ते लिंग डाव्या तळहातावर घेऊन बसले की राजेश्वर गावातल्या आमच्या घरात टीव्हीसुद्धा हळू व्हायचा. पूजा झाल्याशिवाय चहा नाही. त्या चहाची मला अजून आठवण येते, कारण त्यातला अर्धा बशीत ओतून मला मिळायचा, लग्न होऊन दोन लेकरं झाल्यावरसुद्धा.

अशाच एका रविवारी मी माहेरी गेले होते. अप्पांच्या मानेला डावीकडं, कानाखाली, बोराएवढी गाठ दिसली. दुखत नव्हती.

"दोरा घासायलाय अप्पा," मी म्हटलं. मीच. बीदरला शाळेत विज्ञान शिकवणारी बाई! इतक्या ठामपणे बोलले की कुणाला शंकाच आली नाही. आम्हा लिंगायतांत घरटी एकाच्या तरी मानेला दोऱ्याचा वळ असतोच. मी मऊ सुती दोरा आणून दिला, आईनं हळद लावली. गाठ लिंबाएवढी झाली, तरी आम्ही आपला दोराच बदलतोय. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

शेवटी हैदराबादला नेलं. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासला. सार्कोमा निघाला, स्नायू, चरबी अशा मऊ भागात होणारा कॅन्सर, मानेत तर क्वचितच दिसणारा.

"इतके महिने काय करत होता?" त्यांनी मला विचारलं. तेवढ्यात अप्पाच म्हणाले, "ही कवापासून म्हणायलीय, दवाखान्याला चला म्हणून. मीच ऐकलो न्हाई."

धडधडीत खोटं! आणि मी गप्प बसले. सांगायला लाज वाटते, पण बसले.

ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर खांद्याची नसही काढावी लागली. डावा हात छातीपाशी धरून ठेवता येईना. मी त्यांना बीदरला माझ्याकडं आणलं आणि रोज पूजेला शेजारी बसून तो हात खालून धरायला लागले. दीड वर्ष. तेवढंच मिळालं आम्हाला.

"अप्पा, त्या दोऱ्याचं मीच..." किती सकाळी मी हे काढलं असेल. दरवेळी ते मधेच तोडायचे, "गप गं. हात हलायलाय तुझा."