बिराजदार मॅडमचे शब्द

बिराजदार मॅडम कॉम्प्युटरला शिकवलेलं भर वर्गात पुसायच्या, आणि पुसता पुसता स्वतःच घाबरायच्या. सोलापूरच्या आमच्या कॉलेजात मी नवी रुजू झाले, तेव्हा त्यांच्या तासाला मागच्या बाकावर बसले होते. मुलांच्या हातची ढीगभर अक्षरं दाखवून त्यांनी एक न्यूरल नेटवर्क तयार केलं होतं. कुणाचंही अक्षर दाखवा, ते ओळखायचं.

"ह्यात 'क' कुठं लिहून ठेवलाय, सांगा की," त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "कुठंच नाही. नुसते आकडे, एकमेकांना जोडलेले. उत्तर चुकलं की काही जोड सैल करायचे, काही घट्ट. असं करत करत ते शिकतं. कल्पना मेंदूवरनंच घेतलीय. तिथं पेशीला पेशी जोडलेली असती, वापराल तसा जोड पक्का. फक्त मेंदूचा गुंता लई मोठा."

मग त्या एकेक जोड तोडू लागल्या. बराच वेळ काहीच बिघडलं नाही. नंतर ते 'घ'ला 'ध' म्हणू लागलं, 'भ'ला 'म', तेही अगदी ठामपणे. मुलं हसली. मॅडम हसल्या नाहीत. "आपण चुकतोय हे त्याला कळतच नाही. मला ह्याचीच भीती वाटती बघा."

दोनेक वर्षांनी, स्टाफरूममध्ये जेवताना त्या म्हणाल्या, "सुजाता, छत्री दे."

मी हसले. त्या चिडल्या. "छत्री दे की!" बोट पाण्याच्या बाटलीकडे होतं. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती. मी रिक्षा बोलवायला धावले.

मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला होता. दवाखान्यात त्या माझा हात धरून एकच काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. मॅडम अक्कलकोटकडच्या, घरची भाषा कन्नड. मला कन्नड ओ की ठो कळत नव्हतं. शेवटी सिस्टर वाकून ऐकू लागल्या.

"'ननग अंजिकि आगतद.' भीती वाटतीय म्हणतायत."

जन्मभर मराठीत शिकवलेल्या बाईंकडे आईची भाषा तेवढी उरली होती. मी बाहेर येऊन भिंतीला टेकले.

पुढे कॉलेज सुटलं की मी त्यांच्याकडे जायची. चित्र दाखवायचं, शब्द म्हणायचा, चुकला की पुन्हा म्हणायचा. "शाबूत पेशी नवे जोड करतील," डॉक्टर म्हणायचे, "पण किती, ते सांगता येत नाही." मराठी तुटकतुटक परतली. आपण चुकतोय हेही मग मॅडमना कळू लागलं, आणि त्या जास्तच घाबरल्या. भलताच शब्द आला की तोंडावर पदर घ्यायच्या.

एके दिवशी भाऊ त्यांना गावी न्यायला आला. ती आमची शेवटची भेट. महिन्याभरातच दुसऱ्या झटक्यानं त्यांना नेलं.

गाडीत बसल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. ओठ हलले, पण माझं नाव सापडेना. डोळे भेदरलेले.

"मॅडम, मी सुजा..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"नाव... ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "तू कोण... ते ठाऊक हाय की मला."