घडात लपवलेली लाल मोटार

बुऱ्हाणपूरच्या बसस्टँडवर कच्च्या केळीच्या चिकाचा वास आला की मला माझी लाल मोटार आठवते. तेव्हा माझ्याकडे खेळण्यातल्या नऊ गाड्या होत्या. धाकट्या गोपाळचा हात लागू नये म्हणून त्यातली लाल मी शेतात कापून ठेवलेल्या केळीच्या घडात खोल खोचली. एवढी हुशारी पुन्हा जमली नाही. जेवून आलो तोवर घड ट्रकात भरून गेलेसुद्धा.

"तुझी गाडी दिल्लीले गेली, बेटा," बाबा हसत म्हणाले.

मी रडू लागलो, तसा गोपाळ त्याची एकुलती जीप घेऊन आला. "दादा, ही ले. चाकं तीनच आहेत, पण चालते."

मी घेतली. माझ्या पुन्हा नऊ झाल्या. त्याच्याकडे एकही उरली नाही, हे लक्षात यायला मात्र पुष्कळ वर्षं लागली.