हद्दीपलीकडचं पेट्रोल

सर आम्हाला नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. "ए नरपड, पाना दे. वाणगाव, झोपलास का?" नरपड म्हणजे मच्छीमाराचा मुलगा, वाणगावच्या घरी भाजीचा मळा, आणि मी तलासरी. खरं तर माझा पाडा तलासरीच्याही पुढं, गुजरातच्या हद्दीकडं. पण पाड्याचं नाव सरांच्या तोंडात बसेना, म्हणून मी तलासरीच राहिलो. आता तमिळ मुलखातल्या एका गॅरेजात काम करतो. इथं मला नावानं हाक मारतात, तीही चुकीची. तेव्हा डहाणूत आमचा मेकॅनिकचा वर्ग भरायचा त्या पत्र्याच्या शेडची फार आठवण येते.

नववीत माझी शाळा सुटली होती. मेकॅनिकच्या या कोर्सला सरांनी घेतलं, तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "हा तरी पुरा कर." ते रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले. त्यामुळं पहिल्या दिवसापासून हातातून नट पडला तरी वाटायचं, झालं, आता घरी पाठवतात.

इंजेक्टर मला समजला तो चिकूच्या वाडीमुळं. सर फळ्यावर काढून दाखवत होते. टाकीतला पंप पेट्रोल दाबानं पुढं ढकलतो, इंजेक्टर ते धुक्यासारखं बारीक करून इंजिनात फवारतो, आणि किती वेळ उघडायचं ते गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. माझं तोंड बघून सर थांबले.

"वाडीत फवारणी केलीस कधी?"

"केलीय सर. मजुरीला जायचो."

"पाठीवरच्या पंपाचा दांडा मारायचा थांबवलास तर काय होतं?"

"फवारा मरतो. नुसते थेंब गळतात."

"नोझल नवंकोरं असलं तरी?"

"तरी पण."

"मग तुला अर्धं आलंय," म्हणाले, आणि फळ्याकडं वळले. शाळेत मला अर्धं येतंय असंसुद्धा कुणी म्हटलं नव्हतं.

पुढं आम्ही तपासायला शिकलो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची. चालू इंजेक्टर आतून टिकटिक करतो. मग तो काढून बेंचवर लावायचा. खाली काचेच्या चार नळ्या, वर चार इंजेक्टर. चारी नळ्या सारख्या भरल्या पाहिजेत. नरपड म्हणायचा, "आमच्या होडीला एवढी तपासणी केली तर मासे म्हातारे होतील." सरसुद्धा हसायचे.

मला रोज तलासरीहून आणायचे-न्यायचे ते व्हॅनवाले काका. गाडी भरलेली असली तरी माझ्यासाठी जागा करायचे. "सरका जरा, आमचा इंजिनेर बसतोय." संध्याकाळी तलासरीला सगळे उतरले की पुढचा रस्ता आम्ही दोघंच. पेट्रोलचा काटा तळाला टेकलेला, लाल दिवा पेटलेला. हद्दीपलीकडं गुजरातेत पेट्रोल स्वस्त. त्यामुळं आमच्या भागातले गाडीवाले टाकी पार सुकेपर्यंत या बाजूला थेंब भरत नाहीत. मी घाबरून दिव्याकडं बघायचो. काका म्हणायचे, "देवाचा दिवा आहे रे तो. जळू दे. हद्द येईपर्यंत विझत नाही."

शेवटच्या परीक्षेला सरांनी प्रत्येकाला एक खरीखुरी बिघडलेली गाडी दिली. माझ्यासमोर आली ती काकांची व्हॅन. चढावर दम सोडते, ही तक्रार. कुणीतरी त्यांना चारी इंजेक्टर बदलायला सांगितलं होतं.

मला बघून काकांचा जीव भांड्यात पडला. "तू आहेस होय! मग झालंच काम."

आधीच नापास होण्याची भीती, त्यात आता काकांचा विश्वास.

स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. चारी इंजेक्टरांची टिकटिक एकसारखी. काढून बेंचवर लावले. फवारा सुरेख, चारी नळ्या सारख्या. सर म्हणाले, "इंजेक्टर चांगले आहेत म्हणतोस. मग चढावर का मरते?" इंजेक्टर परत बसवले, पेट्रोलच्या पाइपात दाब मोजायचा गेज जोडला, इंजिन चालू केलं. काटा जिथं हवा तिथंच.

माझ्याकडं आता तपासायला काहीच उरलं नव्हतं. गेज काढला तर उत्तर द्यावं लागणार, आणि उत्तर नव्हतं. म्हणून मी नुसता काट्याकडं बघत उभा राहिलो. इंजिन चालूच. नरपड मागून कुजबुजला, "काढ की रे, लग्न लावतोस काय त्याच्याशी?"

इंजिन चांगलं तापलं, आणि काटा हलला. हळूहळू खाली यायला लागला.

दांडा मारणारा थकला होता. नोझलचा काही दोष नव्हता. आणि तो का थकला, तेही मला एकदम दिसलं. सरांनी शिकवलं होतं, टाकीतला पंप पेट्रोलात बुडालेला असतो, पेट्रोलच त्याला गार ठेवतं. काकांच्या पंपाला बुडायला पेट्रोल असायचंच कुठं?

पण हे बोलायचं कसं? रोज जागा करून देणाऱ्या माणसाला, चारचौघांत?

"काका," मी म्हटलं, "तो दिवा…"

"मोठ्यानं," सर म्हणाले.

"पंप सर. टाकी कायम रिकामी असते. पंप तापून तापून कमजोर झालाय. गाळही ओढत असेल."

पंप बाहेर काढला. त्याच्या जाळीला काळा गाळ चिकटलेला. काका वाकून बघत राहिले. मला वाटलं, आता चिडणार. ते सरांकडं वळून म्हणाले, "पोरगं रोज माझ्या शेजारी बसून दिव्याकडं बघायचं. मला वाटायचं, घाबरट आहे."

"घाबरट आहेच," सर म्हणाले. "म्हणून गेज काढला नाही. पास."

नवा पंप बसवला त्या संध्याकाळी काकांनी हद्दीच्या अलीकडंच गाडी थांबवली आणि पेट्रोल भरलं. पेट्रोल पंपावरच्या पोराला वाटलं, काका वाट चुकले. घरी पोचल्यावर वडिलांना निकाल काकांनीच सांगितला, मला बोलूच दिलं नाही. वडील आत जाऊन काकांसाठी पाणी घेऊन आले, आणि खाट झटकून त्यांना बसवलं.

इथं एखादी गाडी लाल दिवा लावून आली की मी काकांना फोन करतो.

"काका, दिवा?"

"विझलेला आहे रे बाबा."

"पेट्रोल अलीकडंच भरता ना?"

"वेडा की काय! पलीकडंच भरतो. पण आता टाकी अर्धी असतानाच जातो."