पेडलखालचं डस्टर

जिंतूरचा चढ आला की माझी गाडी गळाठायची. शेजारी बसलेले वडील, निवृत्त मास्तर, दर वेळी म्हणायचे, "विकून टाक, दम नाही तिच्यात." मी फिल्टर बदलला, प्लग बदलले, गाडीला शिव्या घातल्या. शेवटी परभणीच्या मेकॅनिकनं बॉनेट उघडून मला ॲक्सिलरेटर दाबायला लावला. "साहेब, पेडलच पूर्ण खाली जाईना." त्यानं मॅट उचलली, तर खाली वडिलांचं शाळेतलं लाकडी डस्टर!

"तुला आवर घालायला नको?" वडील शांतपणे म्हणाले.

वर्गात ते हेच फेकून मारायचे, आणि ज्याला लागलं त्यानंच ते उचलून परत नेऊन द्यायचं.

मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. डस्टर उचललं आणि मुकाट्यानं त्यांच्या हातात नेऊन दिलं.