एका वेळी एकच खोली

छापखान्यात त्यांना सगळे सूचीबाई म्हणत. पुस्तकाच्या शेवटी जी सूची असते, कोणता शब्द कोणत्या पानावर, ती तयार करणं हे त्यांचं काम. लेखकाला स्वतःच्या पुस्तकात जे सापडत नाही ते सूचीबाईंना सापडतं, असा त्यांचा लौकिक होता आणि तो त्या स्वतःच जरा जास्त मनावर घेत. घरात मात्र यजमान गेल्यापासून चष्मा, किल्ल्या आणि बाई एकमेकांना शोधत फिरत.

त्या दिवशी तर चक्क कॉम्प्युटर सापडत नव्हता.

झाडांवरच्या एका जाडजूड पुस्तकाची सूची मागच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर तयार होती. मेल जात असे तो पुढच्या खोलीतल्या नव्या लॅपटॉपवरून, आणि सूची संध्याकाळपर्यंत पोचायलाच हवी होती. छापखान्याचे व्यवस्थापक सकाळी फोनवर फार गोड बोलले होते. "बाई, झेपत नसेल तर मोकळेपणी सांगा. हल्ली सूची करून देणाऱ्या कंपन्या निघाल्यात." त्या गोडव्यानेच बाई सावध झाल्या. आज चुकलं की काम गेलं. मग दिवसभर करायचं काय, चष्मा शोधायचा?

पेन ड्राइव्हने हे काम चुटकीसरशी झालं असतं. पण जुन्याच्या खाचांत धूळ बसते म्हणून बाईंनी त्या टाचणीने साफ केल्या होत्या. इतक्या साफ की त्यांत आता काही लागतच नव्हतं.

शेवटी त्यांनी नणंदेला फोन लावला. ती टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. तारा आणि टोमणे, दोन्हींत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"वन्सं, दोन्ही कॉम्प्युटर एकाच इंटरनेटच्या डब्याला जोडलेत. तरी एकमेकांना ओळख देत नाहीत."

"आमच्या घरातलेच आहेत की!" नणंद म्हणाली. "दोन्हीकडे नेटवर्कच्या ग्रुपचं नाव एकच आहे का बघा."

नव्हतं. बाई फोन टेबलावर ठेवून मागच्या खोलीत गेल्या, नाव बदललं, परत आल्या. लॅपटॉपवर काही दिसेना.

"फोल्डर शेअर केलाय?"

केला होता. तरी पुन्हा जाऊन बघून आल्या. मग जुन्याला पासवर्ड नाही म्हणून नवा त्याला विचारत नसेल, असं नणंदेला वाटलं. पासवर्ड घातला. मग नव्याला जुन्यांची बोलण्याची पद्धत धोक्याची वाटते, ती मुद्दाम चालू करावी लागते, हे निघालं. तीही चालू केली. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. जुन्याचा पत्ता नाही तो नाहीच.

उन्हं उतरायला लागली. दुसऱ्यांच्या पुस्तकांत देवनळ आणि देवबाभूळ बिनचूक शोधणाऱ्या बाईंना भिंतीपलीकडचं खोकं सापडत नव्हतं. गावाला मेजवानीला बोलवावं अशी ऐट होती आपली, त्यांना वाटलं, आणि आता घरातलं ताटच सापडत नाही.

"एकदा फोन बरोबर घेऊन जा मागे," नणंद म्हणाली. "काय करता ते मला सांगत सांगत करा."

बाई गेल्या. "कॉम्प्युटर सुरू केला. फोल्डर जागच्या जागी आहे. आता निघते."

खट्‌.

"वहिनी, कसला आवाज तो?"

"भिंतीवरचं बटण. जुना नीट बंद केला, बटण बंद केलं, आता वरून कापड घालतेय."



"दर वेळी बंद करून येत होतात?"

"म्हणजे काय! एका वेळी एकच खोली. तुमच्या भावाचा नियम. दुसरा दिवा लावायच्या आधी पहिला घालवायचा."

"अहो, घराला कुलूप घालून किल्ली कनवटीला लावायची आणि पाहुण्याला म्हणायचं, या, बसा!" नणंद इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. "दोन्ही जागे नकोत का एका वेळी?"

बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आपण फोल्डर शेअर केला म्हणजे खिडकीत वाटी ठेवली, शेजाऱ्याने हवी तेव्हा उचलावी, असंच त्या इतका वेळ धरून चालल्या होत्या.

कापड निघालं. जुना घरघरत उठला. लॅपटॉपवर त्याचं नाव उमटलं आणि सूची सरकत सरकत इकडे यायला लागली. नणंदेच्या हुकुमाने बाई कशालाही हात न लावता दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभ्या राहिल्या, लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर येताना उभ्या राहत तशा, हात पाठीमागे बांधून. दोन्हीकडे उजेड. यजमानांच्या फोटोकडे बघायचं त्यांनी टाळलं.

मेल गेला. थोड्या वेळाने व्यवस्थापकांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा रुक्ष होता, म्हणून बाईंच्या जिवात जीव आला.

"मिळाली. ठीक आहे. पुढचं पुस्तक घेता का? घरगुती वीजबचतीवर आहे."

"पाठवा," सूचीबाई म्हणाल्या. "त्या विषयात माझा हात कुणी धरणार नाही."