जेद्द्याहून चालणारी ऊब

रियाधला थंडी पडते, हे रत्नागिरीत कुणाला पटत नाही. सौदी म्हटलं की वाळू आणि ऊन. लग्न होऊन मी इथं आले तेव्हा माझ्याही बॅगेत एक स्वेटर नव्हता. पण डिसेंबर लागला की इथल्या फरशा अशा गार होतात की पहाटे फजरच्या नमाजाआधी वजूला, म्हणजे हातपाय धुवायला, उठताना पाय खाली टेकवायला धीर लागतो. इमारती उन्हाळ्यासाठी बांधलेल्या, त्यांना ऊब धरून ठेवता येत नाही. मग घराघरातून तेलाचे हीटर बाहेर निघतात. त्यांना चाकं असतात. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हीटर ढकलत न्यायचा आणि त्याच्यामागोमाग सगळ्या घरानं जायचं, असा आमचाही हिवाळा वीस वर्षं गेला.

माझे पती रियाधच्या ओलाया भागातल्या एका कंपनीत इमारतींच्या देखभालीचं काम बघत. ती सौदीकरणाची वर्षं होती. आज एखाद्या खात्यातली माणसं जायची, उद्या एखाद्या बाजारातली दुकानंच्या दुकानं बदलायची. मोबाइलच्या दुकानात वर्षानुवर्षं दिसणारे मल्याळी चेहरे एके दिवशी गेले आणि त्यांच्या जागी तरुण सौदी मुलंमुली उभी राहिली. पुढे पतींच्या जागेवरही सौदी माणूस घ्यायचं ठरलं. त्यांना मुदत मिळाली आणि तेवढ्यात नव्या माणसाला काम शिकवून मोकळं व्हायला सांगण्यात आलं.

त्याच महिन्यात ते एक मोठं खोकं घेऊन घरी आले. त्यात एक गोल पांढरी चकती होती, भिंतीवर बसवून तापमान ठरवायची. खोलीखोलीत लावायचे काड्यापेटीएवढे सेन्सर होते, राउटरशेजारी ठेवायची डबी होती, हीटरच्या प्लगसाठी जाडजूड सॉकेट होतं. खिडक्यांना आणि बाल्कनीच्या दाराला लावायचे जोडतुकडेही होते, म्हणजे दार उघडं राहिलं की हीटर आपोआप बंद. वायर कुठंच नव्हती. सगळं एकमेकांशी हवेतून बोलणार आणि सगळ्यांचा मालक फोन.

जुम्म्याच्या नमाजनंतर त्यांचे दोस्त चहाला आले. आपल्याच खाडीकाठचे सगळे. त्यातला एक म्हणाला, "अरे, खुरूज लागायची वेळ आली आणि तू भिंतीला भोकं पाडत बसलायस?" खुरूज म्हणजे देश कायमचा सोडून जाण्याचा शिक्का. आमच्याकडे तो शब्द मोठ्यानं उच्चारत नाहीत.

"भोकं भिंतीला पडतायत," हे म्हणाले, "तुझ्या पोटात का दुखतंय?"

सगळे हसले. पण त्यानंतर त्यांनी जे केलं त्यावर कुणी हसलं नाही. त्यांनी ते रिकामं खोकं उचललं, जिना उतरले आणि रस्त्यावरच्या कचऱ्याच्या पेटीत टाकून आले. इथं राहिलेल्यालाच त्याचा अर्थ कळेल. आमच्यापैकी प्रत्येकाच्या कपाटावर रिकामी खोकी असतात. टीव्हीचं, मिक्सरचं, इस्त्रीचंसुद्धा. उद्या जावं लागलं तर सामान त्याच खोक्यात घालून न्यायचं म्हणून. खोकं टाकणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. "जायचं तेव्हा जाऊ," ते हात धुता धुता म्हणाले, "पण राहायचं तोवर पाय गरम ठेवून राहू."

त्यांनी हॉल, आमची निजायची खोली, बोळ आणि बाल्कनीचं दार एवढं जोडून घेतलं. खोल्यांना नावं दिली. रोमन लिपीत पण मराठीच. हॉलमधला जो कोपरा माझ्या खुर्चीचा आणि पुस्तकांच्या कपाटाचा, त्याचं नाव 'वाचनालय'. मुलगी बारावीला होती. तिच्या खोलीचा सेन्सर अजून बसायचा होता, पण नाव आधीच ठरलं होतं, 'परीक्षा केंद्र'. स्वयंपाकघराचंही तसंच, 'खानावळ'. चकती फिरवली की नावं एकेक करून समोर यायची. फजरच्या आधी बोळ आपोआप तापू लागायचा. मी उठायचे तेव्हा फरशी कोमट असायची. पहिल्या दिवशी मी बोळात नुसतीच उभी राहिले होते.

मग एका दुपारी ऑफिसमधून फोन आला. छातीत कळ आली, असं तिकडचे लोक म्हणाले, आणि हॉस्पिटलच्या दारापर्यंतही पोचले नाहीत. त्यांना इथल्याच मातीत ठेवलं. बायका कबरस्तानात जात नाहीत. मी घरात होते.

माझी इद्दत सुरू झाली. विधवेनं चार महिने दहा दिवस पतीच्या घरात राहायचं, गरजेशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. मी ती मनापासून पाळली. शाळेनं रजा दिली. तिथं मी इतिहास शिकवते. माझा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, पतींच्या नावावर होता. तो शाळेनं आपल्याकडे घ्यायचं कबूल केलं आणि कागद चालू झाले.

थोरले दीर जेद्द्याहून आले. आम्ही त्यांना भाईजान म्हणतो. बंदरावर त्यांचा व्यवसाय, इथं येऊन त्यांना माझ्या पतींपेक्षा कितीतरी जास्त वर्षं झालेली. कंपनीचे कागद, बँक, सरकारी खाती सगळं त्यांनी अंगावर घेतलं. परत जाताना पतींचा फोन घेऊन गेले, कारण सगळे ओटीपी त्याच नंबरवर यायचे. आमच्यात हे आता ठरूनच गेलंय. माणूस गेला की त्याचा फोन घरातल्या मोठ्या पुरुषाच्या हातात. मीच चार्जरसकट तो त्यांना दिला. त्या फोनात आमचं घरही आहे, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

उरलेले सेन्सर तसेच पडून होते. दुकानातून माणूस बोलवावा असं मी बोलून गेले, तर शेजारच्या बायका दचकल्या. "इद्दतीत परका मर्द घरात?" मग मी माहितीपुस्तिका घेऊन बसले. पहिल्या पानापासून वाचली. प्रस्तावना वगळून पुस्तक वाचायची मला सवय नाही.

मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "अम्मी, तुम ड्रिल चलाओगी? सीरियसली?"

"तुझे अब्बा काय पोटातून शिकून आले होते?"

"अब्बा इंजिनियर थे."

"मी वाचक आहे. खुर्ची धर."

पहिलं भोक वाकडं गेलं. दुसरं जरा मोठं झालं, त्यात कापूस भरून स्क्रू बसवला. पण सेन्सर लागले. चकती दाबून धरली की नवा सेन्सर ओळखीचा होतो. 'परीक्षा केंद्र' समोर आलं तेव्हा मुलगी हसली आणि मग आत निघून गेली.

त्यानंतर घर गार पडायला लागलं.

चकतीवर मी बावीस करायचे. चहाचं आधण ठेवून परत येईस्तोवर आकडा सोळावर आलेला. बॅटऱ्या बदलल्या. राउटर बंद करून लावला. पुस्तिका पुन्हा वाचली. मुलगी ब्लँकेट पांघरून केमिस्ट्री करत होती, एक हात बाहेर, तोही बाहीत ओढलेला. "इट्स फ्रीझिंग, अम्मी," ती म्हणायची, तक्रारीच्या सुरात नाही, त्यामुळे मला जास्तच लागायचं. आणि फजरला बोळातली फरशी पुन्हा बर्फासारखी. मला वाटायचं, त्यांनी लावलेली शेवटची गोष्ट माझ्या हातानं बिघडली.

मग भाईजानचा फोन आला. सलाम-दुआ झाली. मुलीच्या अभ्यासाची चौकशी झाली. मग म्हणाले, "काल असरनंतर बाल्कनीचं दार बराच वेळ उघडं होतं. कोण आलं होतं?"

मला आधी कळलंच नाही. असरनंतर, तिसऱ्या प्रहरची नमाज झाली की, मी उन्हाकडे पाठ करून वाचत बसते. काल दार उघडं टाकून तशीच बसले होते.

"ऊन आलं होतं, भाईजान."

"थट्टा नको. मला फोनवर सगळं कळतं. दार कधी उघडलं, कधी लागलं. आणि हीटर काय दिवसभर लावून ठेवता? मीच बंद करतो ते."

"तुम्ही बंद करता?"

"मग काय! दोघी बायका एकट्या घरात, रोज कुठे ना कुठे आग लागल्याचं ऐकतो. अगो, एवढी कसली थंडी? इथं आम्ही पंखा लावून बसलोय."

जेद्द्यात थंडी नसते. समुद्राची दमट हवा, बारा महिने घाम. तिथं शर्टाची बटणं उघडी टाकून बसलेला माणूस आमच्या अंगावरची ऊब काढून घेत होता, आणि तेही काळजीपोटी. काळजी खोटी नव्हती. पण दार कोण उघडतं याची विचारणा काळजीत बसत नव्हती. इद्दत माझी होती. तिला पहारेकरी नको होता.

"भाईजान," मी म्हटलं, "त्या फोनातून घर माझ्या नावावर करून द्या."

"कशाला आता ते? इद्दत संपली की निघायचंच आहे. रत्नागिरीला खोल्या मोकळ्या आहेत. मुलीचं तिकडे बघू."

"तिची परीक्षा इथं आहे. माझी शाळा इथं आहे."

"शाळा! आज घेतील, उद्या तुझ्या जागी सौदी बाई आणून बसवतील. माझ्या भावाचं काय झालं बघितलंस ना?"

"ती येईल तेव्हा तिला वर्ग दाखवीन. तोवर वर्ग माझा आहे."

 एवढं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. लग्न झाल्यापासून त्यांच्यासमोर माझं बोलणं 'जी' आणि 'चहा घेणार?' एवढंच. "डोकं शांत ठेव," ते म्हणाले आणि फोन ठेवला. त्या दुपारी हॉल पुन्हा सोळावर गेला.

मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. एक सौदी मुलगी इंग्रजीत बोलली. मालकानं त्याच्या फोनवरून मंजुरी द्यावी लागेल, म्हणाली.

"मालक वारले."

"अल्लाह यरहमु," अल्लाह त्यांच्यावर रहम करो, असं ती म्हणाली. "मग रीसेट करावं लागेल. चकतीच्या मागचं बटण. पण मॅडम, सगळं पुसलं जाईल. खोल्यांची नावं, वेळा, सगळं. परत येणार नाही."

मी आभार मानले आणि फोन ठेवला.

बटण मात्र लगेच दाबलं नाही. घरात त्यांचे कपडे होते, चष्मा होता, पण त्या वस्तू होत्या. चकतीतलं सगळं अजून चालू होतं. सकाळी बोळ तापवायला निघायचं, जेद्द्याहून कुणीतरी त्याला गप्प करायचं, दुसऱ्या दिवशी ते पुन्हा निघायचं. माझ्यासाठी रोज उठणारं त्यांचं तेवढंच काहीतरी उरलं होतं, आणि ते मीच पुसायचं होतं. नाही पुसलं तर त्यांच्याच फोनातून त्यांचं घर रोज थंड केलं जाणार होतं. मार्चमध्ये थंडी सरेपर्यंत, नाहीतर आम्ही उठून जाईपर्यंत.

मुलगी म्हणाली, "स्क्रीनचे फोटो काढू. मग सेम नावं टाकू. सिंपल."

फोटो तिनं काढले. ते तिच्याकडे आहेत. पण तीच नावं टाकायला मी नाही म्हटलं. ती रागावली. "अब्बांनी ठेवलेली नावं आहेत ती!" ती ओरडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती ओरडली, पहिल्यांदा तिचं मराठी अख्खं निघालं.

"त्यांनी ठेवली होती," मी म्हटलं. "आता त्यांच्या नावाखाली मी बटणं फिरवणार नाही. लोक तेच करतायत. त्यांच्या नावानं फोन चालवतात, त्यांच्या नावानं आपल्याला परत पाठवतात. मी जे करीन ते माझ्या नावानं."

तिनं चकती एकदा फिरवून सगळी नावं बघितली. मग म्हणाली, "माझ्या खोलीचं मी ठेवीन."

"तुझ्या खोलीचं तूच ठेवायचं."

दुपारी जोहरची नमाज पढून मी चकती भिंतीवरून उतरवली आणि मागचं बटण दाबून धरलं. पडदा पांढरा झाला, मग काळा. चकती जागी झाली तेव्हा तिला काहीच आठवत नव्हतं. माझ्या फोनवर तिनं विचारलं, मालक कोण? मी माझं नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट, डिग्रीच्या सर्टिफिकेटवर आहे तसं. फजरच्या आधीची वेळ माझ्या अंदाजानं लावली. ते पंचवीस ठेवायचे. मला पंचविसात डोकं जड होतं आणि वाचताना डोळे मिटतात. हॉल मी बावीसवर ठेवला. बाल्कनीच्या दाराचा जोडतुकडा राहू दिला, उघडझापीची बातमी फोनवर येणं मात्र बंद केलं. ती मलाही नको होती.

दुसऱ्या दिवशी भाईजानचा फोन आला. "तुमचं घर दिसत नाही इथं. बिघडलं का काय?"

"नाही. चालू आहे."

"मग मला का दिसत नाही?"

"ते आता माझ्या फोनात आहे."

"मला न विचारता?"

"विचारलं होतं, भाईजान. तुम्ही नाही म्हणालात."

 पलीकडून पंख्याचा आवाज येत होता. ते ओरडले असते तर मी फोन ठेवणार नव्हते, ऐकून घेणार होते आणि पुन्हा तेच सांगणार होते. पण ते ओरडले नाहीत. घसा साफ केला.

"मग तिकिटांचं काय करू? मी इद्दतीनंतरच्या तारखा बघून ठेवल्या होत्या."

"राहू द्या. शाळेनं इकाम्यासाठी पासपोर्ट मागवलाय. उद्या पाठवतेय."

"आणि उद्या त्यांनी काढून टाकलं म्हणजे?"

"तर तेव्हा मीच तुम्हाला फोन करीन."

 मग त्यांनी वेगळ्याच, जरा उतरलेल्या आवाजात विचारलं, "किती आहे आता घरात?"

"बावीस."

"पुरतं तेवढं?"

"मला पुरतं," मी म्हटलं. "पोरीला कमी पडतं. तिनं तिच्या खोलीत सव्वीस करून ठेवलंय."