येते म्हणाल्या होत्या

"कशावरून?" असं विचारताना बाई चष्मा नाकावर खाली ओढत आणि त्याच्या वरून आपल्याकडे बघत. साहेब सही करून गेले म्हटलं, तरी "कशावरून?" चहात साखर कमी आहे म्हटलं, तरी तेच. घोडेगावच्या आमच्या कचेरीत आवक-जावकचं टेबल त्यांच्याकडे होतं. असं माणूस तुमच्याही कचेरीत एखादं असेल.

ही त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. स्नेहसंमेलनाच्या नाटकात नायिका व्हायला बाईंनी चटकन होकार दिला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. नाटक जुनं, नावाजलेलं. मी नवरा. शेवटी बायको पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी राहते, "येते" म्हणते आणि निघून जाते. ती परत येते की नाही, हे लेखकानं सांगितलेलंच नाही.

"येते म्हणतेय म्हणजे येणारच," मी तालमीत म्हणालो.

"कशावरून?" बाई म्हणाल्या. "घरातनं निघताना जाते म्हणतं का कुणी, भाऊ? बोलायची रीत हाय ती."

बाईंचे यजमान रोज अवसरीहून स्कूटरवर तालमीला येत. बायको कुणाशी हसते, यावर त्यांचा डोळा. बाईंना बढतीवर जुन्नरला जायचं होतं, तिथंच राहावं लागणार होतं. बढती नको, असं यजमानांनी त्यांच्याकडून दोनदा लिहून घेतलं होतं. आता तिसरा हुकूम आला होता आणि सोमवारपर्यंत हजर व्हायचं होतं.

यजमानांना नाटकाचा शेवटही खपेना. "ती माघारी येती, पिशवी खाली ठिवती, असं दावा. न्हाईतर आमची मंडळी काम करनार न्हाई."

आम्ही मुकाट्यानं शेवट बदलला. बाईंनी एकदाही "कशावरून?" विचारलं नाही. मला तेच खटकलं.

शनिवारी दुपारी प्रयोग झाला. बाई "येते" म्हणाल्या आणि विंगेत गेल्या. आता वळतील म्हणून मी थांबलो, पडदा ओढणाराही थांबला.

"गेली की राव," पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. मी पदरचं "येईल, येईल" घातलं, तेव्हा कुठं पडदा पडला. मागे जाऊन पाहिलं तर बाई नव्हत्या आणि पिशवीही नव्हती.

सोमवारी जुन्नरहून फोन आला, बाई हजर झाल्या. बाईंना शोधत यजमान कचेरीत आलेच होते. मोठ्या साहेबांनी त्यांना तसं सांगितलं. आता आरडाओरडा होणार, असं मला वाटलं. ते सरळ माझ्याकडे आले.

"तुमच्याम्होरं म्हनली ना ती, येते म्हणून?"

"म्हणाल्या," मी सांगितलं. ते खोटं नव्हतं.

"मग येईल," ते म्हणाले आणि बाईंच्या खुर्चीत बसले.

त्या माणसाचा मला कायम राग यायचा, त्या दिवशी तो येईना. बाईंनी परत येऊ नये असं मला मनापासून वाटत होतं आणि यजमानांसमोर ते बोलवत नव्हतं. शिपाई खिडक्या लावू लागला, तरी ते दाराकडे बघत बसले होते.